सिलॅबसबाहेरचा ताप

लातूर

लातूरला परका माणूस उतरला की रिक्षावाला एकच प्रश्न विचारतो: पोरगं अकरावीला की बारावीला? मी अठ्ठावन्न वर्षं पुरी केलेली बाई, एका हातात कापडी पिशवी, दुसऱ्या बगलेत काचपट्ट्यांचा लाकडी डबा. तरी त्यानं विचारलंच. मी म्हटलं, मेहुणे आजारी आहेत, त्यांना बघायला आलेय. नाव सांगितल्यावर त्यानं रिक्षा हळू केली.

"बायलॉजीचे सर? अजून उठले न्हाईत का? मग पोरांच्या पोर्शनचं कसं व्हायचं?"

माणसाची चौकशी आधी की पोर्शनची, याबद्दल लातूरकरांच्या मनात गोंधळ नाही हे पहिल्या दहा मिनिटांत कळलं.

मी पुण्याच्या एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत बत्तीस वर्षं रक्त तपासलं. काचेवर थेंब पसरायचा, रंगवायचा, सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा आणि दिसेल ते कागदावर लिहायचं. रक्त कुणाचं, तो माणूस कुठं राहतो, काय करतो, हे विचारायची आमच्यात पद्धत नव्हती. त्याचा मला अभिमान होता. निवृत्त होऊन वर्ष झालं होतं आणि अभिमान बाळगायला घरात दुसरं काही उरलं नव्हतं. त्यामुळे धाकट्या बहिणीचा, सुमनचा, फोन आला तेव्हा मी लगेच निघाले. ती म्हणाली होती, "ताई, ह्यांचा ताप हटत नाही. डॉक्टर म्हणतात मलेरिया, हे स्वतःही म्हणतात मलेरिया. दोनदा गोळ्यांचा कोर्स झाला. तू एकदा बघून जा."

हे म्हणजे विनायकराव, सुमनचे यजमान. आधी औशाकडच्या एका खेड्यात हायस्कूलला विज्ञान शिकवायचे. भूकंपात ते गावच राहिलं नाही. मग लातूरला येऊन त्यांनी क्लास काढला आणि आठ वर्षांत एवढे मोठे झाले की रिक्षावाल्याला पत्ता सांगावा लागू नये.

त्या दिवसांतलं लातूर ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगते. भूकंपानंतर इथली माणसं कित्येक दिवस अंगणात झोपली, छताखाली जायला तयार नव्हती. आता त्याच घरांवर दुसरा आणि तिसरा मजला चढला होता, कारण वर 'मुलींसाठी खोल्या मिळतील' अशी पाटी लावायची होती. चौकाचौकात गुणवत्ता यादीतल्या पोरांचे फोटो. आमच्याकडे एवढे मोठे फोटो फक्त नगरसेवकांचे लागतात, आणि ते कशात पास झालेत हे विचारायचं नसतं. नळाला पाणी आठवड्यातून एकदा, पण भौतिकशास्त्राची टेस्ट दोनदा. ज्याचं पोरगं नापास होतं तो काय करतो, हे मी एकाला विचारलं. तो म्हणाला, "तो नांदेडला क्लास लावतो."

विनायकराव एका वेळी चारशे पोरांना माइकवर शिकवत. त्यांच्याबद्दल गावाची तक्रार एकच, ते हजेरी घेत नाहीत. बाकीच्या क्लासवाल्यांनी हजेरीसाठी माणूस ठेवला होता आणि पोरगं गैरहजर राहिलं की घरी पत्र धाडायला दुसरा. ह्यांनी वर्गात हजेरीपटच आणू दिला नाही. पालक घरी येऊन हात जोडत, तर हे म्हणत, ज्याला शिकायचंय तो येईल. "कितीदा सांगितलं, पण तेवढ्या एका गोष्टीला ऐकत नाहीत," सुमन म्हणाली. मी मनात म्हटलं, मोठी माणसं, मोठे नखरे.

ते बाजेवर पडले होते. डोळे पिवळे, ओठ पांढरे. भोवती भेटायला आलेल्यांचा दरबार. पुण्यात आजाऱ्याला भेटायची वेळ असते, इथं आजाऱ्याला झोपायची वेळ मागून घ्यावी लागते. मला बघून म्हणाले, "ताई, उगाच दगदग केली. मलेरियाच आहे. घेऊन राहिलो ना मी गोळ्या."

"तुम्ही डॉक्टर कधी झालात?"

"झालो नाही. शंभरेक केले."

उशाशी त्यांच्याच छापील नोट्स होत्या. त्यात चौकटीत लिहिलेलं होतं: तांबड्या पेशीत अंगठीसारखा परजीवी दिसला की मलेरिया. पुढं चार पर्याय आणि 'ब'ला गोल. सगळं लातूर या नोट्स पाठ करून डॉक्टर होत होतं, त्यामुळे सगळ्या लातूरचं निदानही तेच होतं.

शेजारच्या गल्लीतल्या तपासणी केंद्राचा मालक त्यांचाच जुना विद्यार्थी. त्यानं मला सूक्ष्मदर्शक दिला, पंखा माझ्याकडे वळवला आणि पुण्याच्या मॅडम म्हणून चहाही मागवला. मी रक्त घेतलं, रंगवलं, पाहिलं. अंगठ्या होत्या, भरपूर होत्या. काही पेशींत दोन-दोन दाणे दिसले, नाशपातीच्या आकाराचे, टोकाला टोक लावून बसलेले. मी थोडी थबकले. मग रंग नीट धुतला गेला नाही असं म्हणत काच पुढं सरकवली आणि कागदावर लिहिलं: मलेरिया. पुण्यानंही शिक्का मारला म्हणून घरात सगळ्यांना हायसं वाटलं. सुमननं त्या आनंदात सुशीला केला. सुशीला म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा उपमा, वर दाण्याचं कूट आणि कोथिंबीर. लातूरची सकाळ त्यावर चालते. मी दोन बशा खाल्ल्या.

अजून लातूर

तिसरा कोर्स सुरू झाला आणि विनायकराव आणखी खालावले. चार पावलं चालले की धाप लागायची. चौथ्या दिवशी सकाळी सुमन मला न्हाणीघरात घेऊन गेली आणि भांडं दाखवलं. लघवी काळ्या चहाच्या रंगाची. विनायकराव आतून म्हणाले, "गोळ्यांचा रंग उतरतो. घाबरू नका." आवाज वर्गातलाच होता, फक्त माइक नव्हता.

लातूरचे डॉक्टर मोठ्या इस्पितळात हलवा म्हणत होते. विनायकराव म्हणाले, जायचं तर नांदेडला. तिथल्या सर्जननं भूकंपात त्यांचं पोट शिवलं होतं, विश्वास त्या एकावरच. मी सुमनला विचारलं, काय झालं होतं पोटाला?

"छताची तुळई पडली होती अंगावर. आतलं काहीतरी फाटलं, ते काढून टाकलं. डॉक्टर म्हणाले, त्याच्यावाचून काही अडत नाही."

मी हं म्हटलं. काय काढलं हे विचारलं नाही. सवयच नव्हती.

जीप ठरली. निघताना विनायकरावांनी हट्ट धरला की वाट वाकडी करून जळकोटवरून जायचं. जळकोटला त्यांचं वडिलोपार्जित शेत आणि त्यावर एक देवणी गाय, चंद्री. ती आजारी असल्याचा चुलतभावाचा निरोप आला होता. आधी गाय बघीन, मग डॉक्टर. स्वतःला उठून बसता येत नाही, पण गायीची विचारपूस करायची. सुमन रडली, मी बोलले, जीप उदगीरच्या रस्त्याला लागली.

जळकोट

रस्त्याबद्दल एवढंच सांगते की खड्डे चुकवणं शक्य नव्हतं, ड्रायव्हर त्यातल्या त्यात ओळखीचे निवडत होता. शेतं मात्र हिरवीगार, सोयाबीन गुडघ्यापर्यंत. विनायकरावांना जीपमध्येच आडवं ठेवलं आणि मी चुलतभावाबरोबर, बालाजीबरोबर, गोठ्याकडे गेले.

देवणी गाय देखणी असते. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, कान लोंबते, चाल पाहुणीसारखी. चंद्री मात्र मान टाकून उभी होती. एक तेवीस-चोवीस वर्षांची मुलगी, ओढणी कमरेला खोचून, तिला पिवळ्याजर्द औषधाचं इंजेक्शन देत होती. पशुवैद्यकीय दवाखान्यातली पर्यवेक्षिका, शीला वाघमारे. हुद्दा काही असो, गाव तिला डॉक्टरीणबाई म्हणत होतं. वाटेनं जाणाऱ्या एकानं "जयभीम डॉक्टरीणबाई" म्हटलं, तिनं सुई न हलवता "जयभीम काका" म्हटलं.

आणि तेवढ्यात चंद्री मुतली. मी खाली पाहिलं. सकाळी सुमननं भांड्यात दाखवलेला रंगच समोर जमिनीवर होता.

"हिला काय झालंय?" मी विचारलं.

"गोचिडाचा ताप, मावशी. गोचीड चावलं की रक्तात जंतू सोडतंय. ते तांबड्या पेशीत शिरतेत, वाढतेत, पेशी फोडून बाहेर निघतेत. मग लघवी अशी लाल. गायीला हुतं, म्हशीला हुतं, रानातल्या हरणालाबी हुतं."

"माणसाला?"

ती हसली. "एक ओळ होती पुस्तकात. लई क्वचित म्हणून. परीक्षेला आली न्हाई."

मी बालाजीला बाजूला घेऊन विचारलं, विनायकराव इथं कधी येऊन गेले? तो म्हणाला, पोळ्याला. दरवर्षी येतात. गायीला स्वतः धुतात आणि दिवसभर मांडी घालून तिच्या अंगावरचे गोचीड वेचतात. "किती सांगितलं दादाला, चिमट्यानं काढून रॉकेलच्या डब्यात टाका म्हणून. पण न्हाई. बोटानं उपटायचे आन् नखावर फोडायचे. दोन त्यांच्याच मांडीला चिकटले होते. मला म्हणतेत, लातूरला चारशे पोरांत जीव रमत न्हाई, इथं रमतो."

मी शीलाला म्हटलं, माझ्याकडे एक काच आहे, तुमच्या सूक्ष्मदर्शकाखाली बघायची आहे.

गुरांचा दवाखाना म्हणजे दोन खोल्या, बाहेर लोखंडी खोडा, आत एक जुना सूक्ष्मदर्शक. वीज नव्हती. शीलानं तो खिडकीत ओढला आणि खालचा आरसा उन्हाकडे फिरवला. आधी चंद्रीच्या कानातल्या रक्ताची काच लावली. मी डोळा लावला. नाशपातीचे दाणे, दोन-दोन, टोकाला टोक. मग मी डब्यातली विनायकरावांची काच लावली. तेच दाणे, तशाच जोड्या. रंग अगदी उत्तम धुतला गेला होता. बत्तीस वर्षांची नोकरी, पंखा, चहा आणि पुण्याचा शिक्का, आणि चार दिवस त्या माणसाच्या अंगात हे वाढत होतं. मी तिथला बाक ओढला आणि दोन्ही काचा पुन्हा एकदा पाहिल्या.

शीलानं काच उचलून कोपऱ्यावरचं नाव वाचलं. मग म्हणाली, "हे आमचे सर हायत का? विज्ञानाचे?"

मी मान हलवली.

"मावशी, सरांची पाणथरी काढली होती ना?"

पाणथरी म्हणजे प्लीहा. खराब झालेल्या तांबड्या पेशी रक्तातून गाळून काढायचं काम तिचं. 'पोटातलं काहीतरी' ते हे होतं.

"तुला कसं माहीत?"

"भूकंपाच्या सकाळी माझ्या बापानं आन् चुलत्यानं सरांना दरवाजाच्या फळीवर घालून ट्रकपर्यंत नेलं होतं. नांदेडला भेटायला गेले तवा डॉक्टरनं सांगितलं." तिनं काच फडक्यावर ठेवली. "कॉलेजात ह्या रोगाचा प्रयोग करायचा आसंल तर आधी वासराची पाणथरी काढतेत. ती नसली की जंतू मोकाट वाढतो. सरांना थांबवू नका इथं. लवकर न्या."

तिनं दवाखान्याच्या कागदावर चार ओळी लिहिल्या आणि दोन्ही काचा कापसात गुंडाळून दिल्या. मी म्हटलं, चल, जीपमध्येच आहेत, भेट तरी.

"नको मावशी. सर मला बघून तोंड फिरवतेत. उदगीरच्या स्टँडवर दोनदा झालं. आमच्या वर्गातले जेवढे राहिले तेवढ्यातल्या कुणालाच बघत न्हाईत."

ती हे रागानं बोलली नाही. मला वाटतं रागानं बोलली असती तर मला बरं वाटलं असतं. परत येऊन जीपमध्ये बसले तेव्हा विनायकरावांनी विचारलं, "चंद्री कशी आहे?" मी म्हटलं, "तुमच्यासारखीच."

नांदेड

नांदेडचे सर्जन आता साठीच्या पुढचे. त्यांच्यासमोर मी चिठ्ठी आणि दोन काचा ठेवल्या. ते चिठ्ठीवरचा शिक्का बराच वेळ वाचत होते. पुण्याची बाई लातूरचा रोगी घेऊन येते आणि संदर्भाला जळकोटचा गुरांचा दवाखाना, असं त्यांच्या कारकिर्दीत पहिल्यांदाच घडत असावं. त्यांचा सहायक भिंतीकडे तोंड करून हसला. मोठे डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी दोन्ही काचा पाहिल्या, पुन्हा पाहिल्या, मग मला विचारलं, "यातली गायीची कोणती?"

"नाव न वाचता मलाही सांगता येणार नाही," मी म्हटलं.

"पाणथरी मीच काढली होती," ते म्हणाले. "काही अडत नाही असंही मीच सांगितलं होतं." मग त्यांनी दोन ठिकाणी फोन केले, दोन पुस्तकं मागवली, मलेरियाच्या आधीच्या गोळ्या बंद केल्या आणि क्विनाईन, जे मलेरियाचंच जुनं औषध असलं तरी यावरही चालतं, आणि त्याबरोबर एक अँटिबायोटिक सुरू केलं. त्याच दिवशी रक्ताच्या बाटल्या चढवल्या. सहायकाला म्हणाले, त्या मुलीच्या चिठ्ठीची एक प्रत केसपेपरला लाव. तो मग हसला नाही.

पहिले तीन दिवस वाईट गेले. मी घाबरले होते, आणि घाबरण्याखाली शरम होती. सुमननं मला एका शब्दानं दुखावलं नाही, त्यानं ती वाढलीच. दुपारी आम्ही दोघी आळीपाळीनं गुरुद्वाऱ्यात जेवायला जायचो. पंगतीत बसायचं, दोन्ही हात पुढं करून रोटी घ्यायची, डाळ कुणी किती वाढावी याला मोजमाप नाही. आमच्याकडे प्रसादाचा द्रोण चमच्यानं भरतात आणि तो चमचाही हात आखडून. चौथ्या दिवशी परतले तर वॉर्डातली आया, तिला सगळे खाला म्हणत, दारातच म्हणाली, "टेन्शन नक्को लेव बाई. पेशाब का रंग देखी मैं. आज साफ है." इतकी आनंदाची बातमी मला आयुष्यात कुणी इतक्या सरळ शब्दांत दिलेली नाही.

मग लातूरहून फोन सुरू झाले. सर कसे आहेत, आणि पेशी-विभाजन कधी घेणार. विनायकरावांना मी रोगाचं नाव सांगितलं. ते म्हणाले, "सिलॅबसमध्ये नाही." मी म्हटलं, "तुमच्या रक्तात होतं." कुणी ओळखलं हे विचारल्यावर तेही सांगितलं. त्यांनी कूस बदलली.

परत जळकोट

सुट्टी मिळाली तेव्हा गणपती उठून बरेच दिवस झाले होते, सप्टेंबर संपत आला होता. आठ वर्षांपूर्वी याच दिवसांत, गणपती बुडवून गाव झोपलं होतं. जीपमध्ये कुणी तो विषय काढला नाही. कंधार मागं पडल्यावर विनायकराव म्हणाले, सरळ लातूर गाठू. मी म्हटलं, "जाताना तुमच्या गायीसाठी वाट वाकडी केली. आता माझ्यासाठी करा." ड्रायव्हरनं माझं ऐकलं.

दवाखान्याच्या दारात विनायकराव काठी टेकून थांबले. शीला खुर्चीवरून उठली, मास्तर आल्यावर वर्गात उठतात तशी. मग मी नांदेडहून परत आणलेल्या काचांतली एक तिनं घेतली, खिडकीतला आरसा फिरवला आणि काच लावली.

"बसा सर. तुमचंच रक्त हाय. पहिलं."

ते बसले, डोळा लावला. पाहून झालं असावं तरी डोळा काढला नाही. तसंच वाकून म्हणाले, "शीला, तुझा नंबर सतरा."

"हाव सर."

"सगळे पाठ आहेत मला. पट उघडला की तीच नावं तोंडात येतील, आणि कुणी हजर म्हणणार नाही. म्हणून घेत नाही मी हजेरी. तुम्ही कुणी दिसलात की बाकीचे दिसतात, म्हणून बघत नाही. माझी चूक आहे ती."

सुमननं पदर तोंडाला लावला. आठ वर्षं तिनं त्या हजेरीवरून डोकं फोडलं होतं.

शीला म्हणाली, "आमी अकराजण हावोत सर. वर्साला एकदा भेटतो. तुमाला कळवत न्हाई, तुमी याल का न्हाई म्हणून." मग म्हणाली, "घ्या की हजेरी. मी हाय ना इथं."

विनायकरावांनी डोळा वर केला. बाहेर खोड्यात बांधलेली म्हैस पाय आपटत होती.

"सतरा," ते म्हणाले.

"हजर, सर."

त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसत राहिले. पुढचा आकडा त्यांच्या तोंडून येईना. बत्तीस वर्षं जो प्रश्न मी कुणालाच केला नाही, तो मी त्या बाकावरून शीलाला केला. म्हटलं, "बाकीचे दहा कोण गं?"

शीला बोलायच्या आधी विनायकरावच बोलले. "तीन नंबर, मंगल. ती कुठं असते आता?"

"औशाला, सर. दोन लेकरं हायत तिला."